माळाचा तिसरा तुकडा

अंगदच्या घरात कुणी शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. तोही चढला नसता. पण आठव्या वर्षी त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला आणि पाय चिघळला. दिवाळीनंतर धनगरवाडीतले सगळे मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे निघाले तेव्हा त्याला पाऊल टेकवता येईना. त्याची आई केवळाबाई त्याला पाठीवर घेऊन माळावरून खाली बोरीला आली आणि आमच्या ओसरीवर त्याला उतरवून माझ्या वडिलांना म्हणाली, "गुर्जी, चार महिने ठिवा याला. झाडलोट करंल. बसल्या बसल्या चार अक्षरं कानात पडली तर पडू द्या."

माझे वडील दत्तोपंत बोरीच्या शाळेत मास्तर होते. मी त्यांची धाकटी मुलगी, कावेरी. अंगद माझ्याहून चार वर्षांनी मोठा. फाल्गुनात पाय बरा झाला, पण तोवर तो जोडाक्षरं वाचायला लागला होता आणि वडिलांनी त्याला सोडलं नाही. केवळाबाईचा नवरा आधीच वारला होता. मेंढरांचं सगळं तिचा दीर येडबा बघायचा. त्याने थोडी कुरकुर केली, मग म्हणाला, "लंगडं पोर तसंही मेंढरामागं काय पळनार." अंगदच्या पायात थोडी ओढ राहिली ती राहिलीच.

बोरीतली मराठी शाळा संपल्यावर तो जिंतूरला आणि मग परभणीला उर्दूतून शिकला. रझाकारांच्या काळात दोन वर्षं शाळा बंदच होती, त्यामुळे मॅट्रिक व्हायला त्याला एकोणीस वर्षं पूर्ण झाली. निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं होत आली होती. नव्या सरकारने मागास जातींच्या मुलांसाठी शिष्यवृत्त्या काढल्या होत्या. वडिलांनी अर्ज भरला, आणि १९५० च्या जूनमध्ये अंगद परभणीहून गाडीत बसून हैदराबादच्या विद्यापीठात शेतकी शिकायला गेला.

वडिलांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, म्हणून त्याची पत्रं मीच वाचून दाखवायची. पहिल्या वर्षीची पत्रं भाषेच्या त्रासाने भरलेली असत. विद्यापीठात उर्दू मागे पडून इंग्रजी आली होती. ज्या शब्दांवर त्याने जीव तोडून मेहनत केली होती, ते शब्द आता कुणी विचारत नव्हतं. एका ओळीचा अर्थ लावायला अर्धा तास लागतो, असं तो लिहायचा. वसतिगृहात एवढी मुलं होती की जेवणाच्या वेळी आपल्या गावातल्या सगळ्या माणसांपेक्षा जास्त डोकी दिसतात, असंही त्याने एकदा लिहिलं होतं.

दुसऱ्या वर्षी एक पत्र आलं, ते मी वडिलांना दोनदा वाचून दाखवलं. त्यांना माती आणि पाण्याचं रक्षण हा नवा विषय सुरू झाला होता. शिकवणारे मुजफ्फर साहेब हैदराबादचेच होते. पोलीस ॲक्शननंतर त्यांचे भाऊबंद पाकिस्तानात गेले, ते मात्र राहिले. अंगदने लिहिलं होतं, "गुरुजी, आज पुस्तकातलं एक चित्र दाखवलं. उघडा डोंगर आणि त्यावर मेंढ्या. खाली लिहिलं होतं की डोंगर बोडका व्हायला या कारण. मुलं हसली. मीही हसलो. मी इथं सगळ्यांना सांगितलं आहे की आमच्या घरी शेती आहे. मागच्या महिन्यात आईनं पाठवलेलं घोंगडं पोहोचलं, तेव्हा बाजारातून घेतलं असं मी खोलीतल्या मुलाला सांगितलं. तुम्हांला खोटं लिहवत नाही म्हणून कळवतो."

वडिलांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "उत्तर लिही. लिही की, चित्रातला डोंगर कुणी मोजला होता का, हे विचार."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. अंगदला कळला असावा. शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येकाला एक स्वतंत्र काम करून त्याचा अहवाल द्यायचा असे. त्याने मुजफ्फर साहेबांकडे बोरीचा माळ मागितला. मेंढ्या चरल्याने नेमकी किती माती वाहून जाते, ते मोजायचं. साहेबांनी जिंतूरच्या तहशिलीला चिठ्ठी दिली आणि माळाचे पाच-पाच एकरांचे दोन तुकडे या कामाला मिळाले. एक काटेरी कुंपण घालून बंद करायचा, दुसरा नेहमीसारखा उघडा ठेवायचा. दोन्हींच्या खालच्या अंगाला खड्डे खणायचे, आणि पावसाने वाहून आलेला गाळ त्यांत साठला की मोजायचा.

१९५२ च्या उन्हाळ्यात तो खुंट्या, साखळी आणि गवत मोजायची एक लोखंडी चौकट घेऊन आला. धनगरांची दहा-बारा घरं माळाच्या कडेलाच होती. अंगद खुंट्या ठोकायला लागल्याबरोबर येडबा काठी टेकत समोर येऊन उभा राहिला. वडील त्या दिवशी अंगदसोबत आले होते आणि त्यांचा डबा घेऊन मी वाडीवर गेले होते, म्हणून ते बोलणं मी ऐकलं.

"हे काय करायलाय?"

"काका, दोन पावसाळे एवढा तुकडा बंद ठेवायचा हाय. अभ्यासासाठी."

"पावसाळ्यात खाली समद्या रानात पिकं उभी असतेत. मेंढरं कुठं नेऊ मी? डोक्यावर घेऊ?"

"पाचच एकर हाय काका."

"आज पाच. तुझा सायब उद्या म्हनंल समदाच माळ बंद करा. मंग?" येडबाने एक खुंटी पायाने हलवून पाहिली. "आमाला हुसकायचं शिकायला पाठवलं व्हतं का तुला?"

अंगदने हललेली खुंटी पुन्हा ठोकून बसवली. त्याच्या मनात तेच भय होतं, हे त्याने मला फार पुढे सांगितलं. मोजणीतून मेंढ्याच दोषी निघाल्या तर काय करायचं, हे त्याने ठरवलेलंच नव्हतं.

केवळाबाई घरापुढे लोकर निवडत बसली होती. ती उठून आली, खुंट्यांच्या रांगेकडे बघत चालत गेली, परत आली आणि म्हणाली, "दोनच तुकडे कामून?"

"एक बंद, एक उघडा, माय. फरक कळावा म्हणून."

"साल सगळं बंद ठेवून गवत चांगलं येतं असं कुनी सांगितलं तुला? वाळलेलं तसंच उभं राहतं, मग खाली पडून कुजतं. त्याच्याखालून नवं कसं निघंल? आन् उघड्यावर मेंढरं आधी मारवेलाचं गवत खातेत. कुसळ कुनी खात न्हाई. म्हनून मारवेल सरलं आन् कुसळ माजलं." ती खाली बसली आणि तिने बोटाने मातीत रेघ ओढली. "तिसरा तुकडा कर. दिवाळीपस्तोर बंद. बी खाली सांडलं की पंधरा दिवस मेंढरं सोड. खुरानं बी मातीत दबतं, लेंड्या पडतेत, वाळलेलं मोडून निघतं. मंग काढून घे."

"हे पुस्तकात न्हाई, माय."

"नसंल. तुझा आज्जा करायचा. तवा माळ लय मोठा व्हता, मानसं थोडी व्हती. आता कुनाला दम हाय?"

अंगदने तहशिलीत पुन्हा चकरा मारून तिसरा तुकडा मागून घेतला. येडबा त्या दिवसापासून त्याच्याशी बोलला नाही.

एक अडचण उरली. पाऊस जूनमध्ये, आणि अंगदची सुट्टी दिवाळीला. पावसाळाभर गाळ मोजणार कोण? खड्डे उपसायचं केवळाबाईने कबूल केलं, पण तिला लिहिता येत नव्हतं. वडील माझ्याकडे वळून म्हणाले, "हिला येतं." मी सतरा वर्षांची होते. दर रविवारी मी छत्री घेऊन माळावर जायची. केवळाबाई आठवड्यात उपसलेल्या दर टोपलीमागे एक खडा गाडग्यात टाकून ठेवायची, प्रत्येक तुकड्याचं गाडगं वेगळं. मी खडे मोजून वहीत आकडा लिहायची. आईला हे फारसं पसंत नव्हतं. वडिलांनी तिला एवढंच सांगितलं की पोरीचं गणित कच्चं आहे, होऊ दे.

त्या रविवारांमध्ये मी केवळाबाईकडून जे शिकले ते शाळेत मिळालं नव्हतं. ती गवताला हात लावून त्याचं वय सांगायची. पाणी उतारावरून कुठून पळतं आणि कुठे थबकतं, ते ती मला पावसात उभं करून दाखवायची. उघड्या तुकड्यातलं पाणी चहासारखं लाल यायचं. बंद तुकड्यातलं उशिरा यायचं आणि बरंच स्वच्छ असायचं. हे बघताना तिचं तोंड उतरायचं. "खरं हाय गं ताई," ती एकदा म्हणाली, "आमच्याच मेंढरानं माती चाललीय. पोराचं पुस्तक अगदीच खोटं न्हाई."

श्रावणात एका रविवारी मी गेले तर बंद तुकड्याचं कुंपण एका बाजूने मोडलेलं होतं आणि आत मेंढ्यांचे खूर उमटले होते. केवळाबाई तिथेच उभी होती.

"येडबानं सोडली. दोन दिवस." ती म्हणाली. "लिही."

"काय लिहू?"

"झालं ते. ह्या तारखेला मेंढरं शिरली, दोन दिवस चरली. कुनाची तेबी लिही."

"मावशी, अंगदचं काम बिघडेल. नाही लिहिलं तर कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल न्हवं," ती म्हणाली. मी लिहिलं. ही गोष्ट वाडीत पसरली. आपलं नाव वहीत चढलंय हे ऐकून येडबा दुसऱ्या दिवशी आमच्या घरी आला आणि ओसरीखाली उभा राहून वडिलांना म्हणाला, "गुर्जी, ते खोडा." वडील म्हणाले, "येडबा, खोडलं तर बाकीचे आकडेसुद्धा खोटे ठरतील." येडबा तसाच माघारी गेला. त्याने कुंपण पुन्हा मोडलं नाही, पण त्या दिवाळीला तो मेंढरं घेऊन नेहमीपेक्षा लवकर निघून गेला. तिसऱ्या तुकड्यात सोडायला केवळाबाईने शेजारच्यांची मेंढरं मागून आणली.

दोन पावसाळे सरले. दुसऱ्या वर्षीचे आकडे मला अजून पाठ आहेत. उघड्या तुकड्याच्या खड्ड्यातून अठ्ठावन्न टोपल्या गाळ निघाला, बंद तुकड्यातून अकरा, तिसऱ्यातून तेरा. अंगदने लोखंडी चौकट टाकून गवताचे ठोंब मोजले तेव्हा मारवेलाची नवी रोपं सगळ्यांत जास्त तिसऱ्या तुकड्यात निघाली, बंद तुकड्याच्या जवळजवळ दुप्पट. त्याला खरं वाटेना. त्याने ऊन तापेपर्यंत पुन्हा पुन्हा चौकट टाकली. मग तो तिथेच उकिडवा बसला आणि मला म्हणाला, "कावेरी, हे मी हैदराबादेत कुणाच्या नावावर सांगू?"

मला वाटलं, हा काय प्रश्न आहे. तेव्हा मला त्या घोंगड्याच्या पत्राची आठवण झाली नाही.

१९५४ च्या मार्चमध्ये त्याची तोंडी परीक्षा झाली. ती हकीकत त्याने वडिलांना सविस्तर लिहिली होती. बाहेरगावचे एक परीक्षक होते आणि मुजफ्फर साहेब होते. मागच्या बाकांवर वर्गातली मुलं आपापल्या पाळीची वाट बघत बसली होती. अंगदने तक्ता लावला. परीक्षकांनी आधी कुंपण मोडल्याची नोंद काढली आणि विचारलं, दोन दिवस जनावरं शिरल्यावर या आकड्यांना काय अर्थ उरतो? अंगदने सांगितलं की अर्थ थोडा कमी होतो, म्हणूनच ते लिहिलं आहे. ते खूश दिसले नाहीत. मग मुजफ्फर साहेबांनी चष्मा काढला.

"ये तीसरा टुकड़ा किताब में नहीं है मियाँ. कहाँ से लाए?"

अंगदने लिहिलं होतं की त्या क्षणी त्याला तीन उत्तरं सुचली आणि तिन्ही खोटी होती. 'जुन्या लोकांकडून' असं म्हणून सुटता आलं असतं. तो म्हणाला, "मेरी माँ ने बताया, साहब. हम धनगर हैं. मेरी माँ भेड़ें चराती है. नाप का आधा काम भी उसी ने किया."

मागे बाकं सरकल्याचा आवाज आला. मुजफ्फर साहेबांनी चष्मा पुन्हा लावला, अहवालाचं पहिलं पान काढलं आणि त्याच्यापुढे सरकवलं. "तो नाम लिखो उनका. यहाँ, ऊपर. जिसका इल्म है उसका नाम होना चाहिए."

त्याने आईचं नाव लिहिलं. खाली मोजणीच्या मदतीसाठी माझंही लिहिलं, ते मला पुष्कळ नंतर कळलं. बाहेरच्या परीक्षकांनी गुण कापले आणि त्याला दुसरा वर्ग मिळाला. ज्या मुलाला घोंगडं बाजारातून आणल्याचं सांगितलं होतं, तो त्याच्याशी थोडे दिवस नीट बोलला नाही. खोटं बोलल्याचा राग होता, जातीचा नव्हता, असं अंगदला वाटलं. पुढे दोघांचं पुन्हा जमलं.

पदवी घेऊन तो मृदसंधारणाच्या कामावर लागला. दोन-अडीच वर्षं तो झरी, पेडगावकडच्या काळ्या रानांत बांध घालत फिरत होता. मग राज्यं बदलली. १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कचेऱ्यांतल्या फायली कुठून कुठे गेल्या, आणि पुढच्या वर्षी अंगदच्या टेबलावर एक हुकूम येऊन पडला. जिंतूर तालुक्यातले धूप होणारे सगळे माळ पाच वर्षं चराईला बंद करायचे. यादीत बोरीचा माळ होता आणि अंमलबजावणी त्याच्याकडे होती.

तो त्या दिवशी आमच्याकडे आला. वडिलांना तोवर अजिबात दिसत नव्हतं. मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते. वडिलांनी हुकूम ऐकला आणि विचारलं, "यात चूक काय आहे?"

"माती वाचंल, गुरुजी. ते खरं हाय. पण माणसं जातील."

"मग तसं लिही."

त्याने लिहिलं. एकदा लिहिलं, उत्तर नाही. दुसऱ्यांदा आपल्या अहवालाची नक्कल जोडून लिहिलं, तेव्हा हुकमाचं पालन करावं असं उत्तर आलं. त्याला ते पालन करावं लागलं. माळावर पाट्या लागल्या. पाटी लागली त्याच आठवड्यात येडबाने आपली मेंढरं गोळा केली. अंगद त्याला अडवायला वाडीवर गेला होता. येडबा फक्त म्हणाला, "मी म्हनलो व्हतो," आणि बायकोमुलांसह वऱ्हाडाकडे निघून गेला. त्याच्या पाठोपाठ आणखी तीन घरं गेली. केवळाबाई गेली नाही. तिने आपल्या बारा मेंढ्या दावणीला बांधल्या आणि बोरीतून चारा डोक्यावर आणून घातला. लेकाला ती एका शब्दानेही बोलली नाही. त्यामुळे तो जास्तच झुरला. त्या पावसाळ्यात तो पार वाळला.

तिसऱ्यांदा त्याने लिहिलं नाही. वरचे एक अधिकारी, दिनकरराव, बांधांची पाहणी करायला परभणीला आले होते. अंगद त्यांच्या मुक्कामी गेला आणि म्हणाला, "साहेब, एक तास द्या. माझे कागद नका बघू, जागा बघा." दिनकरराव कडक होते, पण त्यांनी गाडी बोरीकडे वळवली. माळावर केवळाबाईला बोलावलं. जुन्या तीन तुकड्यांच्या खुणा अजून दिसत होत्या; बंद तुकड्याचं कुंपणही शाबूत होतं. तिने साहेबांना उभ्याने बघू दिलं नाही. "साहेब, खाली बसा," ती म्हणाली, "उभ्यानं समदं हिरवंच दिसतं." दिनकरराव बसले. तिने तिसऱ्या तुकड्यातलं गवत हाताने बाजूला सारून त्यांना मारवेलाची रोपं दाखवली, मग बंद तुकड्यातलं वाळून कुजलेलं गवत दाखवलं.

"मग सगळ्यांची मेंढरं पावसाळ्यात कुठे जायची?" त्यांनी विचारलं.

"माळाचे चार भाग करा. एका साली एक भाग दिवाळीपस्तोर बंद, बाकी तिन्हीत मेंढरं थोडी थोडी, पाळीपाळीनं. पुढच्या साली दुसरा. चार सालांत समद्याला इसावा."

"आणि लोक पाळतील?"

केवळाबाईने हाताची माती झटकली. "समदे न्हाई पाळनार," ती म्हणाली. "पर बंदी तरी कुठं समदे पाळायलेत? राती सोडतेतच की."

दिनकरराव हसले नाहीत, पण जाताना त्यांनी अंगदला सांगितलं की बोरीपुरता दोन वर्षांचा प्रयोग म्हणून कागद पाठव, मी सही करतो. सही व्हायला सहा महिने लागले.

१९५८ च्या पावसाळ्यापासून बोरीचा माळ चार भागांत चालला. फार मोठं काही झालं असं मी म्हणणार नाही. दोन घरांनी पहिल्याच वर्षी बंद भागात मेंढरं घातली आणि भांडणं झाली. एका भागात उतार एवढा होता की तिथे गवत धरलंच नाही, शेवटी अंगदने तिथे दगडांच्या ओळी घातल्या. बाकीच्या तालुक्यात पाच वर्षांची बंदी तशीच राहिली आणि त्या माळांवरची माणसं गेली ती गेलीच. याचं त्याला कायम वाईट वाटत राहिलं. पण बोरीच्या ओढ्याला पौषापर्यंत पाणी राहायला लागलं, हे खालच्या शेतकऱ्यांनीसुद्धा बोलून दाखवलं.

येडबा १९५९ च्या आषाढात परत आला. वऱ्हाडात रोगाने त्याची निम्मी मेंढरं मेली होती. माळाच्या तोंडाशी तो कळप थांबवून उभा राहिला. अंगद तेव्हा वाडीवरच होता. अंगदने पुढे होऊन त्याच्या पायाला हात लावला. येडबाने त्याच्या खांद्याला धरून त्याला उठवलं, आणि माळाकडे बघत विचारलं, "औंदा कोनता बंद हाय?"

"वरला, काका. पिंपळाकडचा."

"मंग हिकडून नेतो," येडबा म्हणाला, आणि कळप खालच्या अंगाला वळवला.

परभणीला शेतकी महाविद्यालय निघालं होतं. पुढच्या वर्षी त्याचे विद्यार्थी माळ बघायला आले. तीस-पस्तीस मुलं, हातात वह्या. अंगदने त्यांना आकडे सांगितले आणि मग आईकडे बोट दाखवून म्हणाला, "ही माझी आई. पुढचं ती सांगंल." केवळाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आधी सगळ्यांना खाली बसायला लावलं.